साडभाऊ, फोन तू केला होतास

टेकचंद,

परवा तुझी तेरवी झाली. जेवणं उरकली, सतरंज्या झटकून झाल्या, पाहुणे दुपारच्या गाडीनं गेले आणि सालेकसाला तुझ्या अंगणात मी खुर्ची टाकून बसलो. खरं सांगू? मला राग आला होता. इतके दिवस लोक तुझ्याबद्दल असं बोलत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी साधुपुरुषच गेला. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "मोठा शांत मानूस होता बिचारा." मी उठून मागं न्हाणीकडे गेलो. तिथंच बसलो असतो तर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं. शांत! आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये तू आणि मी भांडायला लागलो की बाहेरच्या सिस्टर दार लोटून घ्यायच्या. तो माणूस शांत?

तर हे लिहितोय ते तुझी आरती ओवाळायला नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. आणि एक गोष्ट तुला विचारायची राहून गेली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू मला फोन केलास. मी तुला केला नव्हता, तू मला केला होतास. कशासाठी, ते मी विचारलंच नाही. तू गेल्यापासून तेवढं एकच डोक्यात फिरतंय.

आपण आधी मित्र, मग नातेवाईक. पॉलिटेक्निकला एका बेंचवर बसलो, एकाच मेसमधलं पाणचट वरण प्यालो. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या साली लताशी माझं लग्न झालं. वरातीत तू नाचलास कमी आणि लताच्या धाकट्या बहिणीकडे पाहिलंस जास्त. पुढं सुनीताशी तुझं जमलं आणि तू माझा साडभाऊ झालास. सासुरवाडीत चारचौघांत मला "तुमी बसा, तुमी जेवा" करायचास आणि पाठ वळली की "सरक ना गा तिकडं" म्हणून ढोसायचास. सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तू माझा फार मान ठेवतोस.

त्यानंतर काही वर्षांनी गोंदियाच्या त्या खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटरचा इनचार्ज झालो. तू एका सर्व्हिस एजन्सीत लागलास, बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंत बॅग घेऊन फिरणारा. दवाखान्यानं स्कॅनिंगचं मशीन घेतलं आणि पेशंटचे फोटो साठवायला ती पेटी आली. पुढच्या बाजूला डिस्कच्या रांगा, मागच्या बाजूला एकावर एक दोन कंट्रोलर कार्डं. कुठला फोटो कुठल्या डिस्कवर ठेवायचा आणि मागितला की परत कसा काढून द्यायचा, हे सगळं ती कार्डं बघायची. एक बंद पडलं की दुसरं त्याचं काम अंगावर घ्यायचं. दोन्ही धड असली की दोन हिरवे दिवे. एखादं गेलं की त्याचा दिवा पिवळा व्हायचा आणि पेटी चिरकायला लागायची. ते चिरकणं मला झोपेतही ऐकू यायचं. लता म्हणायची, दवाखान्यात माणसं आजारी पडतात, तुम्ही एका पेटीसाठी कायले झुरता?

पहिल्यांदा खालचं कार्ड गेलं तेव्हा मी नवीन कार्ड मागवायला निघालो होतो. तू बॅग खाली ठेवलीस, पाणीसुद्धा न घेता म्हणालास, "थांब. अगोदर खालचं वर लाव, वरचं खाली लाव. दोष कार्डासंगं चालला त कार्ड खराब. जागीच राहिला त जागा खराब. अन् एका बारी एकच गोष्ट बदलाची. दोन बदलल्या त कोनामुळं दुरुस्त झालं ते देवालेबी नाई समजत." आपण अदलाबदल केली आणि दोन्ही दिवे हिरवे झाले. म्हणजे दोष कार्डातही नव्हता आणि जागेतही नव्हता. मी चक्रावलो. तू कार्ड परत बाहेर ओढलंस आणि त्याची सोनेरी कडा माझ्या नाकासमोर धरलीस. कडेवर काळसर पुटं होती. बोट फिरवलंस तर बोट काळं झालं.

"राइस मिलची राखड," तू म्हणालास.

गोंदियात राहून मला ते सुचलं नव्हतं याची मला लाज वाटली. मिलच्या बॉयलरमध्ये धानाचा भुसा जळतो, त्याची राख गावभर उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, एसीतून आत येते. कोरड्या दिवसांत ती नुसती बसून राहते. पावसाळी हवेत ओलसर झाली की करंट नको तिकडे वाट काढतो. तू रिसेप्शनवरच्या मुलीकडून खोडरबर आणलंस, सिस्टरकडून स्पिरिट आणि कापूस आणलास, आणि शाळेतलं पोर चुकलेली बेरीज खोडतं तसं ते कार्ड खोडत बसलास. त्या दिवसापासून तुझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोडरबर असायचं. लोकांना वाटायचं, हा मास्तर आहे.

आणि भांडणही त्याच दिवशी सुरू झालं. तुझं म्हणणं, ही पेटी वर्षातून एकदा पूर्ण बंद करायची, सगळं उघडायचं, पुसायचं, पाहायचं. माझं म्हणणं, चालत्या मशीनला हात लावायचा नाही. मी काही आळशी म्हणून तसं म्हणत नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. दर वेळी कार्ड काढताना एखादी पिन वाकू शकते. वर्षानुवर्षं फिरत असलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. आत लोकांच्या डोक्याचे, पोटाचे, मणक्याचे फोटो आहेत, ते गेले तर कोण भरून देणार? मी म्हणायचो, "चालू आहे ना? मग राहू दे." तू म्हणायचास, "चालून राहिलं म्हंजे बरं हाये असं नाई ना गा." हे वाक्य तू किती वेळा म्हटलं असशील. तेव्हा ते मला फक्त चिडवण्यासाठी आहे असं वाटायचं.

अडचण अशी की दवाखाना पेटी बंद करू द्यायला तयारच नव्हता. आमचे ॲडमिनिस्ट्रेटर साहेब मेंटेनन्सचं नाव काढलं की घड्याळाकडे पाहायचे. "अरे भाई, पेशंट का काम रुकेगा. बाद में देखेंगे." ते नंतर कधीच उजाडायचं नाही. मी मनातून खूश होतो, कारण मलाही बंद करायचं नव्हतं. मग एका नवरात्रात तू साहेबांच्या केबिनमध्ये शिरलास. मी मागं उभा होतो, म्हणून तुझे शब्द मला तसेच्या तसे आठवतात. "सर, कल खांडेनवमी है. हमारे यहाँ उस दिन औजार को आराम देते हैं, पूजा करते हैं. ये मशीन साल भर चलती है, इसको भी थोड़ा आराम देना पड़ेगा ना?" साहेब एकदम सरळ बसले. "बिलकुल, बिलकुल. पहले क्यों नहीं बताया?"

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः नारळ घेऊन आले. तेवढा वेळ स्कॅनचं मशीन फोटो आपल्याजवळ ठेवून घेईल अशी सोय तू आधीच करून ठेवली होतीस. पेटी बंद झाली. "पूजेच्या अगोदर जरा साफसफाई," असं म्हणून तू दार लावून घेतलंस. साहेब बाहेर नारळ हातात धरून उभे, आणि आत तू दोन्ही कार्डं, पंखे, पॉवर सप्लाय, सगळं टेबलावर मांडून ब्लोअर मारत होतास. मग सगळं जागच्या जागी गेलं, पेटी ज्या कपाटात असायची त्याच्या दाराला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी तुझं ते झिजलेलं खोडरबरही पाटावर आलं. नारळ बाहेर पायरीवर फुटला. दिवे हिरवे. साहेबांनी प्रसाद वाटला. त्यानंतर दरवर्षी नवरात्र लागलं की तेच विचारायचे, "टेकचंद को बुलाया ना?"

मी मात्र चिडलो होतो. मी नऊ दिवस उपास धरणारा माणूस, आणि तू अष्टमीच्या आदल्या दिवशीसुद्धा कोंबडीचा रस्सा भुरकणारा. मी तुला म्हटलं, "देवाच्या नावावर खोटं बोलतोस. काही वाटत नाही का?"

"खोटं काय हाये त्यात? पूजा त करतोच ना? लोक देवघर झाडतेत का नाई पूजेच्या अगोदर? मी पेटी झाडतो."

  पण मी आणखी एक पाहिलं होतं आणि ते तुला कधी बोललो नाही. हात जोडल्यावर तू डोळे मिटायचास ते लवकर उघडायचे नाहीत. साहेबांचे उघडायचे, माझे उघडायचे, तू तसाच. सोंग करणारा माणूस इतका वेळ उभा राहत नाही. तू त्या पेटीसाठी काही मागायचास की आणखी कशासाठी, हे विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. तू "गंमत करत होतो गा" म्हणून उडवून लावलं असतंस, तरी विचारायला पाहिजे होतं.

आपल्या भांडणात कोण जिंकलं म्हणायचं? एका वर्षी पूजेनंतर पेटी चालू केली आणि एक डिस्क फिरलीच नाही. मी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. "पाहिलंस? उगाच बंद केली!" तू राखीव डिस्क लावत शांतपणे म्हणालास, "ते मरायलेच टेकलं होतं. आज मेलं त आपुन दोघं हजर हावो. आपुन नसताना मेलं असतं त?" (म्हणजे शांत तू कधी कधी असायचास, तुझ्या चुलतभावाला मी तेवढं देऊन टाकतो.) पुढच्या एका वर्षी तू नवरात्रात बालाघाटला अडकलास. मी साहेबांना सांगितलं, या वेळी बाहेरूनच हार घालू. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी दोन्ही दिवे एकदम पिवळे झाले. एक बाई देवरीकडून आली होती, तिचा जुना स्कॅन नव्याशी ताडून पाहायचा होता, आणि पेटी एकही फोटो देईना. तिचा नवरा दारात टोपी हातात घेऊन उभा. तू मिळेल त्या गाडीनं आलास, आल्या आल्या म्हणालास, "माहं आइकलं नाई ना? आता भोग." सगळं खोललंस, खोडलंस, पुसलंस. दिवे पिवळेच.

आणि त्या वेळी कारण मी शोधलं. आदल्या आठवड्यात कपाटाला नवं दार बसवलं होतं, ते लावलं की आतली जाड केबल मुडपायची. दार उघडं धरलं, पेटी बंद करून पुन्हा चालू केली, दोन्ही हिरवे. दार लावलं आणि जरा वेळातच पिवळे. तू जमिनीवर बसून हसत सुटलास. त्या बाईचा फोटो निघाला, डॉक्टर गेले, तरी तू हसत होतास. मग खाली जाऊन सगळ्यांसाठी समोसे आणलेस आणि वर्षभर जो भेटेल त्याला सांगत सुटलास, "साडभाऊनं पकडलं! माह्या बापाले नसतं सापडलं!" बालाघाटच्या एका बँकेतल्या माणसानं मला विचारलं होतं, "ते दरवाजेवाले तुम्हीच का?" टेकचंद, हरल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी हरलो की दोन दिवस तोंड पाडून असायचो. तुझ्यामुळं मला माझं काम आवडू लागलं, हे मी तुला सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची रीत नव्हती. रीत नव्हती म्हणून मी सुटलो, असं आता वाटतं.

सुनीता एकदा लताला म्हणाली होती, "भाऊजीचा फोन आला म्हंजे समजाचं, पेटी रडून राहिली." दोघी खूप हसल्या होत्या. मीही हसलो होतो. पण खरंच, दिवा हिरवा असताना मी तुला कधी फोन केला? सणाचं बोलणं बायका बायकांत व्हायचं. तू दरवर्षी म्हणायचास, मोहाची फुलं पडायला लागली की ये, सकाळी जंगलात जाऊ, कचारगडला नेतो, गुहेत बसून शिदोरी खाऊ. मी म्हणायचो, "एवढा फॉल्ट निस्तरला की येतो." एक फॉल्ट निस्तरला की दुसरा यायचा, आणि खरं सांगायचं तर यायचा नाही तेव्हाही मी आलो नाही. तुझ्या अंगणात काही काम नसताना खुर्ची टाकून बसलो तो परवा पहिल्यांदा.

या पावसाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. स्कॅन आमच्याच दवाखान्यात केला. मशीनवरून उठलास आणि शर्टाची बटणं लावत सरळ माझ्या खोलीत आलास. "माहा फोटो कोन्या डिस्कवर गेला पाय बरं. खराब डिस्कवर गेला असन त बदलून घे." मी हसलो. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, नागपूरला जा, उशीर करू नका. तुला स्टेशनवर सोडायला मी स्कूटर काढली. वाटेत आपण काय बोललो माहीत आहे? बॅटरीबद्दल बोललो. कार्डांच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, एजन्सी नव्या पाठवत नव्हती, त्याबद्दल. गाडी आली तेव्हा मी म्हणालो, "होईल सगळं ठीक." तू म्हणालास, "हो." तुला विचारावं, की तुला काय वाटतंय, हे माझ्या मनात आलं होतं. गाडी थोडी उशिरा आली असती तर विचारलंही असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण गाडी त्या दिवशी उशिराच आली होती.

आणि मग तो फोन.

दुपार होती. सकाळपासून खालचं कार्ड गेलेलं, पेटी चिरकत होती, साहेब दोनदा डोकावून गेले होते. मोबाइलवर तुझं नाव आलं आणि मला इतका आनंद झाला की तुला 'हॅलो'सुद्धा म्हणू दिलं नाही.

"बरं झालं तूच फोन केलास. खालचा गेलाय. सकाळपासून बोंबलतोय."

 तुझ्या मागं ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी वॉर्डचा नंबर विचारत होतं. मग म्हणालास, "वरचा चालून राहिला ना?"

"वरचा चालू आहे."

"मंग राहू दे. नोको उघडू."

मी हसलोच. "अरे, हे कोण बोलतंय? टेकचंद बोलतोय ना? का फोन दुसऱ्यानं लावलाय?"

"नाई गा. चालून राहिलं त चालू दे. कायले हात लावतं?"

"वा! आणि इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस ते? उघडल्याशिवाय आत काय साचलंय ते कळणार कसं? हे तूच म्हणतोस ना?"

"म्हनतो ना," तू म्हणालास. "पन कधी कधी राहूबी द्यावं."

तेवढ्यात साहेब दारात आले. "हुआ क्या?" मी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला, कार्ड ओढलं, स्पिरिटचा बोळा फिरवला, खोडरबर फिरवलं, परत सरकवलं. इतक्या वेळात तू फोन ठेवला नाहीस.  मला तुझा श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटत होतं की तू कान देऊन पेटी ऐकतो आहेस. चिरकणं थांबलं.

"झाला हिरवा?"

"झाला! पाहिलंस? तुझंही उद्या असंच. उघडतील, साफ करतील, लावतील. उद्याच आहे ना?"

"हो. उद्या."

"काही होत नाही. भ्यायचं काय त्यात? तू तर उघडणाऱ्यांतला माणूस."

"बरं," तू म्हणालास. "ठेवू मंग?"

"ठेव, ठेव. साहेब उभे आहेत."

संध्याकाळी घरी जाऊन मी लताला तो किस्सा रंगवून सांगितला. आज टेकचंदच म्हणाला, उघडू नको! मी त्याची बाजू घेतली आणि त्यानं माझी! लता हसली, आणि मग तिनं विचारलं, "तब्येत कशी हाये म्हनत होते?" मी ताटावर बसलो होतो. मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तू शुद्धीवर आला नाहीस.

मधल्या दिवसांत मी कामावर गेलो तेव्हा साहेब माझ्या खोलीत येऊन उभे राहिले.  मग म्हणाले, "इस बार पूजा में टेकचंद की जगह कौन बैठेगा?" मी म्हटलं, मी बसेन. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. तू त्यांना इतकी वर्षं बनवलंस असं मी समजत होतो. आता वाटतं, त्यांनाही सगळं कळत असावं.

परवाचं सांगतो. पाहुणे गेले, लता आत भांडी आवरत होती. सुनीता ओट्यावर येऊन बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा नुसती बसली होती. मी विचारलं, "सुनीता, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टेकचंदनं मला फोन काऊन केला होता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले नाई सांगतलं त्याईनं?"

"नाही."

"सकाळपासून घरी चाल म्हनत होते. मले नाई कराचं म्हने ऑपरेशन. डॉक्टर सांगून राहिले त करा ना, असं मी म्हटलं. त मले म्हनले, साडभाऊले इचारतो. तो नोको म्हनन. त्याचा सभावच तसा हाये, चालत्याले तो हात लावू देत नाई. तो एक बारी नोको म्हनला का मंग तू आडवी येऊ नोको. सामान बांधजो, आपुन सांजच्या गाडीनं घरी जाऊ."

मी म्हटलं, "अन् मग?"

"मंग काय? वऱ्हांड्यात जाऊन बोलून आले. हासून राहिले होते थोडसे. म्हनले, साडभाऊबी उघडाच म्हनते. अन् सिस्टरले म्हनले, आना तुमचा कागद, सही करतो."

तिच्या आवाजात माझ्यावर काही आरोप नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ती पदरानं तोंड पुसत उठली आणि म्हणाली, "च्या ठेवू भाऊजी?" मी हो म्हटलं. चहा आला, निवला, लतानं कप उचलून नेला.

आज सकाळी मी आमच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी तुझा फोटो पुन्हा पेटीतून काढून पाहिला. म्हणाले, टाळलं असतं तरी गाठ थांबणार नव्हती, फार तर थोडे महिने मिळाले असते. माझी समजूत काढायला म्हणाले बिचारे. थोडे महिने म्हणजे तुझ्या घरी दिवाळी झाली असती. धान घरात आलं असतं. आपण आणखी चारदोनदा भांडलो असतो. की ते दुखण्याचेच महिने झाले असते आणि तू मला शिव्या दिल्या असत्यास, की का मला अडवलं? मला माहीत नाही. नको म्हणणं बरोबर होतं की उघडा म्हणणं, याचा निकाल आता कुणीच लावू शकत नाही, आणि मला तो नकोही आहे.

मला एवढंच छळतं. इतकी वर्षं मी तुला नको म्हणत आलो आणि तू माझं कधी ऐकलं नाहीस. त्या दुपारी तू ऐकणार होतास.